प्लॅटफॉर्म नंबर दहा: मुंबईला न जाणाऱ्या लोकलची एकवीस वर्षं

मागच्या महिन्यात माझा शेवटचा पास संपला. तीन महिन्यांचा, सेकंड क्लास, ठाणे ते कोपरखैरणे. नोकरी संपायला आठ दिवस उरलेले आणि पास संपायला अकरा, म्हणजे तीन दिवस रेल्वेला तसेच सोडले. भाचीला सांगितलं तर म्हणाली, "मावशी, तू मिक्सरला तारे देतेस, थाळीवाल्याला देतेस, गादीवाल्याला तर अर्धं पान लिहून पाठवलंस. मग ज्या गाडीत एवढी वर्षं गेली तिच्याबद्दल कोण लिहिणार?" मुद्दा बरोबर होता. तर हा ट्रान्सहार्बरचा, म्हणजे ठाणे-वाशी लोकलचा रिव्ह्यू. वापर: एकवीस वर्षं, आठवड्याचे सहा दिवस. पैसे स्वतः भरलेले.

सुरुवातीलाच सांगून टाकते, मी कोपरीची. ठाणे पूर्व. या गाड्या नऊ आणि दहा नंबरवरून सुटतात आणि दहा नंबर आमच्याच अंगाला आहे. घरून निघायचं, रिक्षांच्या गर्दीतून वाट काढायची, चार पायऱ्या, की प्लॅटफॉर्म. नौपाड्याहून, घोडबंदरहून येणाऱ्यांना अख्खं स्टेशन पुलावरून ओलांडावं लागतं, आणि सकाळी आठ-साडेआठला ठाण्याच्या पुलावर चालणं म्हणजे चालणं नव्हेच, ढकललं जाणं. त्यामुळे माझे तारे थोडे कोपरीकर तारे आहेत, पश्चिमेच्या लोकांनी त्यातून अर्धा वजा करावा.

१९९१ साली मी महापेच्या एमआयडीसीत एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये लागले. आज नकाशावर बघितलं तर ठाणे आणि महापे म्हणजे शेजार. तेव्हा तो प्रवास होता. ठाणे-बेलापूर रस्ता म्हणजे एका बाजूला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडीकडची खाजणं, मधे कारखान्यांच्या भिंती आणि रस्त्यावर टँकर, टेम्पो, ट्रक. कळव्याच्या खाडीवर तो ब्रिटिशकालीन दगडी पूल, आणि पुढे विटाव्याला रेल्वेपुलाखाली पाऊस पडला की तळं. वाऱ्याची दिशा बदलली की कुठल्या कारखान्याजवळ आलो ते डोळे मिटून सांगता यायचं. मी तर केमिस्टच, मला नावानिशी सांगता यायचं.

ठाणे परिवहन सुरू झाली १९८९ ला, नवी मुंबईची एनएमएमटी १९९६ ला. मधल्या काळात एसटी होती आणि आमच्या कंपनीने ठरवून दिलेली एक खाजगी बस होती. त्या बसवाल्याचं नाव घेत नाही. पण कोपरीच्या नाक्यावर सात पाच म्हणजे सात पाच, असं बजावून स्वतः कधी सात वाजता यायचा, कधी साडेसातला. सातला आला की मला सोडून जायचा. साडेसातला आला की लेटमार्क माझ्या नावावर. एकदा घणसोलीच्या अलीकडे गाडीचा पट्टा तुटला आणि आम्ही चौदा जणी रस्त्याच्या कडेला उभ्या. एका रसायनाच्या टँकरवाल्याने गाडी थांबवून विचारलं, "सोडू का?" टँकरवर कवटी आणि दोन हाडं काढलेली. आम्ही चालत गेलो.

रेल्वेने जायचा मार्ग नव्हता असं नाही. १९९२ ला हार्बरचे रूळ मानखुर्दहून खाडी ओलांडून वाशीला आले, तेव्हापासून ठाण्याहून कुर्ल्याला जायचं, गाडी बदलायची आणि कुर्ल्याहून वाशी. म्हणजे शेजारच्या घरी जायला आधी मुंबईत जायचं आणि मग परत बाहेर यायचं. सुट्टीच्या दिवशी मी दोनदा केला तो प्रकार. कुर्ल्याचा पूल चढताना वाटायचं की हा दंड आहे, मुंबईला नमस्कार न करता परस्पर कुठे निघालात म्हणून.

मला या गाडीबद्दल मुख्य सांगायचंय ते हेच. आपल्याकडे रूळ म्हटलं की ते मुंबईला जाणार. १६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी निघाली ती बोरीबंदरहून आमच्या ठाण्याला. तीन इंजिनं, चौदा डबे, चारशे पाहुणे, चौतीस किलोमीटर. ठाणेकर ही गोष्ट जावयाचं कौतुक करावं तशी सांगतात. पण त्या दिवसापासून ठाण्याचं तोंड मुंबईकडे झालं ते झालंच. सकाळी सगळं गाव तिकडे, संध्याकाळी सगळं गाव इकडे. मग ९ नोव्हेंबर २००४ ला, म्हणजे एकशे एक्कावन्न वर्षांनी, ठाण्यातून एक लोकल सुटली जी मुंबईचं तोंडसुद्धा बघत नाही. कळव्याच्या अलीकडे उजवीकडे वळते आणि सरळ खाडी ओलांडून निघून जाते. पहिल्या आठवड्यात मी त्या वळणावर दारात उभी होते. कल्याणचे रूळ डावीकडे लांब लांब गेले आणि आमची गाडी एकटीच निघाली. माहेरून परस्पर निघाल्यासारखं वाटलं, सासूला न विचारता.

आता प्रत्यक्ष प्रवास. ठाण्याहून वाशी साधारण अर्धा तास. माझं कोपरखैरणे त्याच्या आत. जाताना बसायचं तर उजवी खिडकी खाडीची, डावी डोंगराची. सकाळी ऊन डाव्या बाजूला येतं, म्हणून उजवीकडे बसणाऱ्या शहाण्या. खाडीपुलावर गाडीचा आवाज बदलतो, पोकळ होतो. भरतीला पाणी पार तिवरांच्या बुंध्यांना लागलेलं असतं आणि ओहोटीला नुसता चकाकणारा चिखल. त्या पुलाच्या कडेने विटाव्याची माणसं वर्षानुवर्षं चालत ठाणे स्टेशन गाठायची. हातात चपला, डोक्यावर छत्री. गाडी जवळून गेली की सगळी एकदम कठड्याला चिकटायची. पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. सहा महिन्यांनी मी बघणंही सोडलं, याचंच नंतर वाईट वाटलं.

पुढे विटावा मागे पडतं, पारसिक डोंगर जवळ येतो. पावसाळ्यात त्याच्या अंगावरून पांढऱ्या रेघा उतरतात आणि डब्यातल्या नव्या मुली फोन काढतात. मग दिघा गाव. हे स्टेशन नवं, १२ जानेवारी २०२४ ला सुरू झालं. बांधून झाल्यावर बराच काळ आम्ही ते नुसतंच बघत जायचो, रंगवलेलं, पाट्या लावलेलं, माणसाविना. मग ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे. तुर्भ्यापुढे एक फाटा सानपाड्यावरून वाशीला आणि दुसरा जुईनगरवरून नेरूळ-पनवेलला. नवख्या माणसाची हमखास चूक होते ती इथेच. इंडिकेटर न बघता "नवी मुंबईची गाडी" म्हणून चढतात आणि नेरूळला उतरून वाशी विचारतात.

स्टेशनांबद्दल बोलायलाच हवं. नवी मुंबईतल्या रेल्वेचा खर्च सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, आणि रेल्वे यांनी वाटून घेतला, सिडकोचा वाटा ६७ टक्के. ते दिसतं. ठाण्याच्या प्लॅटफॉर्मवर आयुष्य काढलेल्या बाईला कोपरखैरण्याचा प्लॅटफॉर्म पहिल्यांदा लग्नाच्या हॉलसारखा वाटला होता. रुंद, उंच छप्पर, चालताना कोणाचा कोपर लागत नाही. तिकिटात सिडकोच्या मार्गाचा अधिभार बरीच वर्षं भरला, पण मला तो कधी टोचला नाही. एका बाजूला उतरलं की वसाहत, दुसऱ्या बाजूला ठाणे-बेलापूर रस्ता आणि पलीकडे एमआयडीसी. इतकी सरळ मांडणी जुन्या मुंबईत कुठे मिळायची?

लेडीज डबा. याच्यावर सगळेच लिहितात, भाज्या निवडणं, हळदीकुंकू, दसऱ्याच्या आदल्या दिवशी डब्याला तोरण. आमच्याकडेही ते सगळं. फक्त एक अडचण. कर्जत-कसाऱ्याच्या बायकांना दीड-दोन तास मिळतात, त्यात मटार सोलून, मेथी निवडून, वर एक झोप होते. आमच्या गाडीत मटार अर्धा किलो काढले की निम्मे होईपर्यंत ऐरोली जाते, शेवटची मूठ राहते आणि कोपरखैरणे येतं. टरफलं एका पिशवीत, दाणे दुसऱ्या, न सोललेल्या शेंगा तिसऱ्या. तीन पिशव्या घेऊन धडपडत उतरायचं. एका मैत्रिणीने यावर उपाय काढला होता. ती संध्याकाळी घरी येताना आधी उलटी वाशीला जायची आणि तिथून सुटणाऱ्या ठाण्याच्या गाडीत बसून यायची. कारण विचारलं तर म्हणाली, "सीट मिळते आणि फरसबी होते." घड्याळाऐवजी भाजीवर वेळ मोजणारी दुसरी बाई मी पाहिली नाही.

डब्यातली माणसं मात्र बदलली, आणि ती माझ्या डोळ्यांदेखत. २००४-०५ ला आमच्यासारख्याच बायका. पॅकिंगमधल्या, लॅबमधल्या, टेलिफोन ऑपरेटर, बँकेतल्या एक-दोन, शाळेच्या बाई. हातात स्टीलचा डबा आणि प्लास्टिकच्या कव्हरात पास. त्या पासाबरोबर फोटोचं ओळखपत्र असायचं, आणि त्याचा नंबर पासावर पेनाने लिहावा लागायचा. नाही लिहिला तर टीसी बोलायचे. माझ्या ओळखपत्रावरचा फोटो १९९८ चा, केसांचा अंबाडा, त्यावर रेल्वेचा गोल शिक्का अर्धा गालावर. २०१९ पर्यंत मी तोच दाखवत होते. एका तरुण टीसीणबाईने फोटो बघितला, मला बघितलं, आणि म्हणाली, "काकू, शिक्का तुमच्याहून चांगला टिकलाय." तिने दंड लावला असता तरी मी भरला असता.

मग कारखाने एकेक करून मिटले, त्या भिंतींच्या जागी काचेच्या इमारती आल्या. ऐरोलीला आता अर्धी गाडी रिकामी होते. सगळ्या मुली गळ्यात पट्ट्याला ओळखपत्र अडकवलेल्या, कानात वायर, आता तर वायरही नाही. त्यांच्या शिफ्टही निराळ्या, म्हणून संध्याकाळी सातला ठाण्याहून निघणाऱ्या गाडीतही ताज्या तोंडाच्या पोरी दिसतात. गर्दी आता दोन्ही दिशांना असते. मुंबईच्या गाड्यांसारखी सकाळी भरलेली जाऊन रिकामी येत नाही. डोंबिवलीची एक मुलगी मला सांगत होती की तिने दादरची नोकरी सोडून ऐरोलीची घेतली, पगार थोडा कमी. "काकू, दादरला मी पोहोचायचे, इथे मी जाते." मला वाक्य नीट कळलं नाही तेव्हा, रात्री भाकरी थापताना कळलं.

पण त्या मुलीला ठाण्याला उतरून, पूल चढून, नऊ-दहा नंबरवर यावं लागतं. कल्याणहून थेट नवी मुंबईत जाता यावं म्हणून ऐरोली-कळवा उन्नत मार्ग ठरला. डिसेंबर २०१६ ला त्याचं भूमिपूजन झालं. दिघा गाव स्टेशन हा त्यातलाच तुकडा, तेवढा झाला. बाकीचं काम झोपड्यांच्या पुनर्वसनावर अडलं. ते झालं असतं तर ठाण्याच्या पुलावरची निदान एक रांग कमी झाली असती. माझा एक तारा इथे जातो. तो गाडीचा नाही, कागदाचा आहे.

अर्धा तारा दुपारचा. गर्दीच्या वेळी गाड्या बऱ्या, पण दुपारी एक चुकली की प्लॅटफॉर्मवर बसून वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचून होतं. आणि रविवारचा मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या बंद. अकरा दहा ते चार दहा हे आकडे मला माझ्या मुलाच्या जन्मवेळेसारखे पाठ आहेत. साखरपुडा, बारसं, मुंज काहीही असो, आमच्याकडे मुहूर्त आधी ब्लॉक बघून ठरतो.

आणि गाडीतून उतरल्यावरचं. तो गाडीचा दोष नाही, पण मोजावा लागतो. कोपरखैरण्याहून महापेला शेअर रिक्षा. पाठीमागे चार, पुढे चालकाच्या मांडीशेजारी एक. ती पुढची जागा मी वयाच्या पन्नाशीपर्यंत टाळली. एके दिवशी पाऊस, उशीर, बसले. त्या माणसाने सिग्नलवर ब्रेक लावला आणि माझा डबा रस्त्यावर. आमटी. तो म्हणाला, "बाई, डबा घट्ट लावत जा." दहा रुपये पूर्ण घेतले. एवढ्या वर्षांत तो मला पुन्हा दिसला नाही, दिसला असता तर सांगायला वाक्य तयार होतं.

२६ जुलै २००५ ची गोष्ट प्रत्येकाकडे आहे. माझीही तशीच आहे, चालत, कमरेएवढ्या पाण्यातून, रात्री उशिरा. सोडून देते.

२०२० चं मात्र सांगते. जानेवारीत मध्य रेल्वेची पहिली एसी लोकल आली ती मेन लाइनवर नाही, आमच्या मार्गावर. ठाणे-पनवेल. आम्ही लॅबमधल्या पाच जणी मुद्दाम एकदा तिकीट काढून बसलो, लग्नाला निघाल्यासारख्या. दार आपोआप बंद झालं तेव्हा एक जण "अगं बाई" म्हणाली आणि सगळा डबा हसला. दोन महिन्यांत टाळेबंदी. औषधाची कंपनी म्हणून आम्ही चालू, पण लोकल बंद, म्हणून पुन्हा कंपनीची बस, पुन्हा ठाणे-बेलापूर रस्ता. सोळा वर्षांनी तो रस्ता बघितला आणि ओळखला नाही. घणसोली-तळवलीचा पूल, सविता केमिकलचा पूल, महापेचा भुयारी मार्ग. बस विमानासारखी गेली, रस्ता रिकामाच होता म्हणा. पण वास नव्हता. पूर्वीसारखं डोळे मिटून बघितलं, कुठे आलो काही कळेना. पुढे २१ ऑक्टोबरपासून बायकांना गर्दीच्या वेळा सोडून लोकलने जायला परवानगी मिळाली, तेव्हा मुद्दाम शिफ्ट बदलून घेतली. डब्यात आम्ही नऊ जणी, तोंडाला मास्क, मधल्या सीटवर फुल्या मारलेल्या. कोणी मटार आणले नव्हते.

एक बाजूची गोष्ट. सुट्टीत भाचीबरोबर बेलापूर-पेंधर मेट्रोने फिरून आले, नोव्हेंबर २०२३ पासून सुरू आहे, अकरा किलोमीटर, अकरा स्टेशनं. स्वच्छ, गार, खिडकीतून खारघरचा डोंगर मस्त. सेंट्रल पार्कला उतरलो. छान आहे. पण तिथे कोणी कोणाशी बोलत नाही, आणि एवढ्या गार डब्यात शेंगा सोलायला लाज वाटेल.

माझी धाकटी बहीण कोपरखैरण्याला दिलेली, माथाडींच्या वसाहतीत. तिचे सासरे साताऱ्याकडचे, आधी मुंबईत मशीद बंदरला, मग बाजार वाशीला हलला तसे तेही हलले. १९९५ ला तिचं लग्न झालं तेव्हा आई रडली ती मुलगी लांब दिली म्हणून. लांब म्हणजे बारा-तेरा किलोमीटर! पण खरंच लांब होतं. वर्षातून दोनदा जाणं व्हायचं, भाऊबीज आणि एखादं आजारपण. संध्याकाळी सातनंतर बस मिळेल की नाही या काळजीने चहा अर्धा टाकून उठायचं. गाडी सुरू झाल्यावर मी रोज तिच्या स्टेशनवर उतरू लागले. आठवड्यातून एकदा तरी ती भुयारी मार्गाच्या तोंडाशी डबा घेऊन उभी राहायची. दोन मिनिटं, डबा द्यायचा, कालचा घ्यायचा, "ताई, मीठ जास्त झालंय", निघायचं. आंब्याच्या दिवसांत भाऊजी मार्केटमधून पेटी आणायचे आणि ती पेटी लेडीज डब्यातून ठाण्याला जायची. घरी पोचेपर्यंत वरचे चार आंबे कमी व्हायचे. डब्याचा हक्क.

एवढ्या वर्षांत तिच्या घरी रात्री राहणं मात्र एकदाही झालं नाही. पास होता, परतीची गाडी होती, सकाळी पुन्हा जायचं होतं. रोज उतरणारी माणसं राहत नाहीत.

कोणाला जायचं असेल तर: सकाळी आठ ते दहा टाळता आलं तर टाळा, उजव्या खिडकीला बसा, इंडिकेटरवर वाशी की पनवेल ते दोनदा बघा, रविवारी निघण्याआधी ब्लॉक बघा. पाचपैकी साडेतीन तारे. पश्चिमेच्या लोकांनी तीन समजावेत.

काल दुपारी बाराला निघाले, घाई नव्हती. खिडकीवर रांगही नव्हती. तेव्हा लक्षात आलं की कोपरखैरण्याचं साधं तिकीट किती हे मला माहीतच नाही, कधी काढलंच नाही. आतल्या मुलाने विचारलं, "रिटर्न देऊ?"

म्हटलं, "नको, एकच दे. आज राहणार आहे."